साक्षीचे गाठोडे

वणी, ९ फेब्रुवारी १९६७

संपादक मंडळाची क्षमा मागून सुरुवात करतो. श्री. उकंडाजी ताकसांडे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरव पुस्तिकेसाठी लेख मागणारे पहिले पत्र मला दिवाळीआधी आले. नंतर आणखी दोन आली. एकाचेही उत्तर मी दिले नाही. लिहायचे नव्हते असे नाही. ज्यांच्याविषयी लिहायला बसले की हात आपोआप भरभर चालतो अशी माणसे माझ्या आयुष्यात थोडी आहेत, आणि उकंडाजी त्यांत पहिले. अडचण वेगळीच होती. तारखा तपासण्यासाठी मी आमच्या संस्थेचे जुने कार्यवृत्ताचे पुस्तक उघडले आणि त्यात माझ्याच अक्षरातले एक वाक्य सापडले. आठ वर्षांपूर्वीचे ते वाक्य उकंडाजींविषयी आहे, ते खोटे आहे, आणि ते अजून कोणी खोडलेले नाही. त्याची नक्कल लाल शाईने त्यांच्या सेवापुस्तकातही उतरलेली आहे. येत्या मार्चअखेर उकंडाजी निवृत्त होतील, सेवापुस्तक बंद होईल, आणि ते वाक्य आत तसेच राहील. त्याचे काय करायचे हे ठरेपर्यंत मला गौरवाचा एक शब्दही लिहवेना.

आता ठरले आहे, किंवा ठरत आले आहे. म्हणून लिहितो.

ज्यांना आमची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वणीला शेतकऱ्यांची एक सहकारी जिनिंग संस्था आहे. तिच्या अध्यक्षांचा, म्हणजे बापूसाहेबांचा, मी स्वीय सहायक. लोक मला ‘पीएबाबू’ म्हणतात. संस्थेचे एक खरेदी केंद्र राजूरला आहे आणि तिथे उकंडाजी मापारी आहेत. शेतकऱ्याने आणलेला कापूस काट्यावर चढवायचा, वजन पुकारायचे आणि पावतीवर लिहायचे, हे त्यांचे काम. पदांच्या उतरंडीत पाहिले तर त्यांनी माझ्याकडून काही शिकावे अशी आमची जागा. घडले ते उलटे.

मी त्यांना प्रथम पाहिले ते सत्तावन सालच्या हंगामात. बापूसाहेबांबरोबर केंद्राची पाहणी करायला गेलो होतो. पांढरा सदरा घातलेले, सडपातळ, पन्नाशीचे एक गृहस्थ मोठ्या काट्यापाशी उभे होते. छप्पन साली त्यांनी धम्मदीक्षा घेतली होती आणि तेव्हापासून कामावर येताना ते पांढराच सदरा घालत. गावातले काही लोक त्याची थट्टा करत. “मापाऱ्याले कापूस कमी दिसला म्हनून अंगावर घेऊन आला,” असे कोणीतरी तेव्हाही म्हणाले. उकंडाजी हसले आणि म्हणाले, “हा माह्या वजनात धरू नका, कापसाच्या धरा.”

बोलता बोलता बापूसाहेब काट्याच्या खांबाला टेकून उभे राहिले. अध्यक्ष टेकले म्हणजे ते टेकायचेच ठिकाण, असे आम्हा सगळ्यांना वाटले असणार. उकंडाजींनी पुकारा थांबवला.

“साहेब, काट्याले टेकू नका.”

बापूसाहेबांनी भुवया वर केल्या.

“काहून रे? मोडते का तुहा काटा?”

“मोडत नाई जी. पन तुमचं वजन या गरिबाच्या पावतीत जाईन.”

बापूसाहेब मोठ्याने हसले आणि बाजूला झाले. “बरं बाबा, तुहा काटा, तुहं राज्य.” परतताना जीपमध्ये ते दोनदा आपल्याशीच हसले. मी मात्र त्या दिवशीच्या रोजनिशीत एवढेच लिहिले आहे : ‘राजूरचा मापारी उद्धट वाटला.’ हे इथे सांगितलेच पाहिजे, कारण पुढच्या चुकीचे बी त्या एका ओळीत आहे.

माझ्याविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मी साहित्य घेऊन बी. ए. झालो. बापूसाहेबांची पत्रे लिहिणे, भेटींच्या वेळा ठरवणे, भाषणे बेतणे आणि सभेचे कार्यवृत्त लिहिणे, ही माझी कामे. आकडे माझ्या हाताखालून रोज जात, पण पोस्टमनच्या पिशवीतून पाकिटे जातात तसे. आत काय आहे ते मी पाहत नसे. एखादा तक्ता टाइप केला की तो मला वाचल्यासारखा वाटे.

एकोणसाठच्या जानेवारीत बापूसाहेब मला म्हणाले, “राजूरचा कापूस इथं येईपर्यंत कमी कसा होते? एका कागदावर काढून द्या.” मला फार आनंद झाला. आकड्यांचे काम कोणी विश्वासाने माझ्यावर प्रथमच सोपवले होते. तीन दिवस बसून मी तक्ता केला. दोन रंगांची शाई वापरली. राजूरला मोजून निघालेली बैलबंडी वणीच्या जिनमध्ये पुन्हा मोजली की सरासरी दहा शेर कमी भरत होती. वणीतच खरेदी केलेल्या बंडीत ही घट एक शेरही नव्हती. तक्ता इतका स्वच्छ दिसत होता की तो खराही असणार याविषयी मला शंका आली नाही.

तक्त्यात कारणाचा रकाना नव्हता. तो माझ्या मनात होता, आणि आपोआप भरला गेला होता. मापारी हात मारतो. हे उत्तर कुठून आले, हे मी स्वतःला नंतर अनेकदा विचारले आहे. ज्या घरात मी वाढलो तिथे मापाऱ्यांविषयी, आणि उकंडाजींच्या समाजाविषयी, जे सहज बोलले जाई ते मी कॉलेजात विसरून आलो असे मला वाटत होते. पाटी पुसली होती, पण पेन्सिलीचे चरे राहिले होते.

कार्यकारी समितीने तक्ता पाहिला. मी कार्यवृत्तात लिहिले : ‘राजूर केंद्रावरील मापात संशयास्पद घट आढळून आल्याने मापारी श्री. ताकसांडे यांना ताकीद देण्यात यावी.’ त्यांना कामावरून काढण्याचा विषय दोन आठवड्यांनी पुढच्या बैठकीत घ्यायचे ठरले.

नोटीस मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी उकंडाजी कार्यालयात आले. ते रागावलेले नव्हते. त्यांनी खिशातून घडी केलेली नोटीस आणि तिला जोडलेली माझ्या तक्त्याची नक्कल काढली आणि टेबलावर सपाट केली.

“बाबू, हा कागद तुमी काढला?”

“हो.”

“अक्षर लय चांगलं हाये.” बोट एकेका रकान्यावरून सावकाश फिरवत ते म्हणाले, “पन एक गोष्ट नाई लिवली. राजूरले कापूस कवा मोजला अन् वणीले कवा मोजला?”

“तारखा आहेत की.”

“तारीख नाई इचारून राह्यलो. टाइम इचारून राह्यलो.”

तक्त्यात वेळ नव्हती. वेळ लागते हेच मला माहीत नव्हते.

“एक दिस अन् एक रात माह्यासंगं काढा,” ते म्हणाले. “मंग मले कामावरून काढा.”

बापूसाहेबांची परवानगी घेऊन मी राजूरला गेलो. तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही.

राजूरला कापूस पहाटे मोजतात. याचे कारण कापसात नाही, रस्त्यात आहे. दिवस वर आला की खाणीचे ट्रक सुरू होतात. बैल बुजतात आणि कोळशाची भुकटी पांढऱ्या मालावर बसून त्याची प्रत जाते. म्हणून बंड्या ट्रकांच्या आधी वाटेला लागतात, आणि दिवसभर उन्हातून जाऊन, जिनपाशी रांगेत थांबून वणीला पुन्हा मोजल्या जाईपर्यंत दिवस मावळतीला येतो. वणीच्या लोकांना ही घाई नाही. तिथे खरेदी दुपारी होते आणि माल तासाभरात आत जातो. हे सगळे मला वर्षानुवर्षे माहीत होते. ते माझ्या तक्त्याशी संबंधित आहे हे माहीत नव्हते.

उजाडता उजाडता उकंडाजींनी नुकत्याच आलेल्या कापसातला काही एका मोठ्या चवाळ्यात, म्हणजे गोणपाटाच्या चादरीत, बांधून काट्यावर चढवला. साठ शेर भरला. गाठीवर त्यांनी माझ्याकडून माझ्या सहीची चिठ्ठी बांधून घेतली. “आता हा तुमचा माल. याच्याकडं मी पाहत बी नाई,” असे म्हणून ते आपल्या पुकाऱ्याला लागले. मी अंगणात चवाळे उघडून कापूस उन्हात पसरला आणि शेजारी स्टूल टाकून बसलो. उकंडाजींच्या पत्नी गिरजाबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्या मला पाहून म्हणाल्या, “बाबू कापूस राखाले बसले, का आमाले?” हमाल हसले. मलाही हसू आले, पण प्रश्न बरोबर होता.

दुपारी दोघा हमालांनी तो कापूस तसाच चवाळ्यात बांधून काट्यावर ठेवला. एकोणसाठ शेर एक पाव. मी चवाळ्याची गाठ पाहिली, जमिनीवर बोंडाचा एखादा तुकडा सांडला आहे का ते पाहिले. काही नव्हते. दिवस मावळायच्या आधी पुन्हा मोजला. अठ्ठावन्न शेर तीन पाव. सव्वा शेर कापूस माझ्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला होता आणि त्याला कोणी हात लावला नव्हता. म्हणजे साठ शेरांमागे पाच पाव. बंडीत साधारण त्याच्या आठपट माल असतो. पाच आठे चाळीस पाव, म्हणजे दहा शेर. माझ्या तक्त्यातला आकडा तंतोतंत समोर उभा होता, पण आता त्याचा चेहराच वेगळा होता. मी गुणाकार तीनदा केला. चूक सापडल्याने माणसाला इतका आनंद होऊ शकतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हते.

“दव होतं,” मी म्हणालो.

“अजून पुरं नाई झालं,” उकंडाजी म्हणाले. “सकाळ होऊ द्या.”

मुक्काम त्यांच्या घरी होता. गिरजाबाईंनी चहा पुढे केला. मी कप हातात घेण्याआधी अर्धा क्षण थांबलो. तहान लागली होती, तरी थांबलो. मग घेतला आणि प्यायलो, आणि जेवलोही. त्या अर्ध्या क्षणाची नोंद माझ्या रोजनिशीत नाही. बाकी सगळे चार पानांवर सविस्तर लिहिले, तेवढे गाळले. उकंडाजींनी ते पाहिले असणारच. ज्यांना काट्याचा एवढासा झोक दिसतो त्यांना ते दिसले नसेल असे मी मानत नाही. ते फक्त पत्नीला म्हणाले, “बाबूले साखर जास्त लागते वाटते, पुढच्या टायमाले टाकजो.” पुढच्या वेळी चहा खरोखर गोड होता. त्यांनी माझ्यासाठी पुढची वेळ गृहीत धरली होती, हे मला फार उशिरा कळले.

कापूस रात्रभर अंगणातच पसरलेला होता, माझ्या चिठ्ठीवर दगड ठेवून. पहाटे पुन्हा बांधला आणि मोजला. एकोणसाठ शेर तीन पाव.

मी काट्याकडे पाहतच राहिलो. गेलेला माल परत आला होता.

उकंडाजी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “चोर लय इमानदार हाये बाबू. रातच्याले वापस करून जाते.”

मी हसत सुटलो. मग लक्षात आले की एक पाव अजून कमी आहे, आणि तसे बोललो.

“व्हय,” ते म्हणाले. “तो एक पाव मले माहीत नाई. वाऱ्यानं नेला असन, बांधताना सांडला असन. जे माहीत नाई ते माहीत नाई म्हनाव. तुमच्या कागदावर तेवढंच नव्हतं.”

वणीला येऊन मी बापूसाहेबांना सगळे सांगितले. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, “म्हंजे दव चोर निघालं. आता नोटीस कोनाले काढता, आभाळाले?” मग म्हणाले, “अन् आपन इतके वर्स पान्याचे पैसे देऊन राह्यलो?” हा प्रश्न मी विचारायला हवा होता. मला उकंडाजींची सुटका दिसली होती. बापूसाहेबांना त्याच आकड्यात संस्थेचा पैसा दिसला. एकाच आकड्याकडे दोन माणसे दोन बाजूंनी पाहू शकतात, हा माझा दुसरा धडा.

उपायही उकंडाजींनीच काढला. रोज पहाटे पहिल्या बंडीतला थोडा माल वेगळा बांधायचा, शेतकऱ्यांसमोर मोजायचा, आणि तो बंड्यांबरोबर त्याच उन्हातून, त्याच रस्त्याने वणीला पाठवायचा. तिथे तो बंड्यांच्या वेळेलाच पुन्हा मोजायचा. त्या गाठोड्यात जेवढी घट येईल तेवढी त्या दिवसाची रास्त घट धरायची. कापसाचे पैसे त्या हिशेबाने द्यायचे, आणि त्याहून जास्त घट आली तरच कोणाला जाब विचारायचा. लोक त्याला ‘साक्षीचे गाठोडे’ म्हणू लागले. शेतकरी सुरुवातीला कुरकुरले, कारण पाण्याचे पैसे बंद झाले. पण थोड्याच दिवसांत तेही रस्त्यात गाडीवानाला विचारू लागले, “साक्षीदार बसला का गाडीत?” आज आठ वर्षे झाली. राजूरहून एकही बंडी गाठोड्याशिवाय निघालेली नाही.

उकंडाजींना कामावरून काढण्याचा विषय पुढच्या बैठकीत आलाच नाही. प्रकरण मिटले असे मी समजलो. त्या समजुतीकडे मी शेवटी परत येईन.

त्या दिवसापासून माझे खरे शिक्षण सुरू झाले. उकंडाजींनी मला तीन प्रश्न दिले : कवा मोजलं, कोनं मोजलं, कायसंगं मोजलं. माझ्या टेबलावर येणारा प्रत्येक कागद मी या तीन प्रश्नांतून काढू लागलो आणि मला नशाच चढली. हंगामाचा अहवाल, रुईच्या गाठींचा साठा, विजेचे बिल, जिनच्या यंत्राचे तास, ज्या कागदांचा मला कंटाळा येई ते आता बोलू लागले. मी बापूसाहेबांसाठी दर सोमवारी एक पान काढू लागलो. डावीकडे आकडा, उजवीकडे तो केव्हाचा, कोणी घेतला, कशाशी ताडला. बापूसाहेब आधी म्हणाले, “एवढं कोन वाचते?” महिन्याभराने एका सोमवारी ते पान आले नाही तेव्हा त्यांनी घरी माणूस पाठवला.

ताळेबंद मात्र मला अजून उघडत नव्हता. तोही राजूरलाच उघडला. वार्षिक सभेच्या आधी केंद्रावरच्या सभासदांना अहवाल वाचून दाखवावा, असे उकंडाजींनी सुचवले. सभेत सगळे हात वर करतात, कागद कोणी वाचत नाही, असे त्यांचे म्हणणे. कापसाच्या पोत्यांवर पंधरा-वीस जण बसले आणि मी वाचू लागलो. ‘घसारा’ हा शब्द आला तेव्हा एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “हे काय असते बाबू?” मी म्हणालो, “यंत्राची झीज.” ते म्हणाले, “झीज त दिसून राह्यली. पैसे कुठं गेले?” कॉलेजात शिकलेल्या माणसाला पोत्यावर बसून घाम फुटतो तो कसा, ते मी त्या दिवशी अनुभवले.

उकंडाजी मदतीला आले. “काट्याची धार पाहा, दांडी जिच्यावर तोलून राह्यते ते,” ते म्हणाले. “रोज झिजते. आज कोनी तिचे पैसे मागत नाई. पन एक दिस नवी घ्याच लागते. तवा एकदम पैसे कुठून आनान? म्हनून दर वर्साले थोडे थोडे बाजूले काढले असं समजाव. गेले नाई, राखून ठेवले.”

म्हाताऱ्यांनी मान हलवली. मीही हलवली, आणि ती मान खरी होती. त्या रात्री मी ताळेबंद पहिल्यांदा समजून वाचला, आणि नंतर हिशेबनीसांकडून रीतसर शिकलो. पण पाया पोत्यांवर घातला गेला होता.

बासष्ट साली या पायाची परीक्षा झाली. त्या वर्षी संस्थेला चांगला नफा दिसत होता आणि सभासदांना वाढीव लाभांश द्यायचे जवळजवळ ठरले होते. राजूरच्या वाचनात मी मोठ्या अभिमानाने नफ्याचा आकडा वाचला. उकंडाजींनी विचारले, “गोदामात गाठी किती हायेत?”

“बऱ्याच आहेत.”

“त्याईचा भाव कोन्या दिवसाचा लावला?”

कवा मोजलं. तोच प्रश्न. मी वणीला येऊन पाहिले तर न विकलेल्या गाठींना हंगामातल्या सगळ्यात तेजीच्या दिवसाचा भाव लावलेला होता. कागदावरचा बराचसा नफा अजून गोदामात पडून होता आणि त्याचे पैसे व्हायचे होते. मी ते बापूसाहेबांपुढे ठेवले तेव्हा ते भडकले. “तुमी पीए हाये का ऑडिटर?” दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाठींचा भाव खाली आणला आणि लाभांशही कमी केला. सभेत पुष्कळ आरडाओरडा झाला. नंतर भाव उतरला. त्या गाठी विकल्या तेव्हा वाटलेल्या लाभांशापायी संस्थेला कर्ज काढावे लागले नाही. तेव्हापासून बापूसाहेब कुठल्याही मोठ्या कागदावर सही करण्याआधी मला विचारतात, “गाठोडं बांधलं का?” आणि मला आठवते त्याप्रमाणे तेव्हापासूनच ते ‘उकंडा’ऐवजी ‘उकंडाजी’ म्हणू लागले आहेत.

शेर जाऊन किलो आले तेव्हा उकंडाजी त्रेपन्न-चौपन्न वर्षांचे असतील. पुष्कळ जुने मापारी नव्या वजनांवर चिडले होते. उकंडाजींनी आठवडाभर जुनी आणि नवी वजने शेजारी ठेवली आणि प्रत्येक शेतकऱ्याचा माल दोन्हींत पुकारला. “घोडा तोच हाये, खोगीर बदललं,” असे ते सांगत. बाजारात फसवाफसवीच्या तक्रारी पुष्कळ आल्या, राजूरच्या काट्यावर माझ्या माहितीप्रमाणे एकही नाही. ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे शब्दही मी त्यांच्यामुळेच लिहायला शिकलो.

आता त्या वाक्याकडे येतो. कार्यवृत्तातले आणि सेवापुस्तकातले वाक्य पाहिल्यावर मी कित्येक आठवडे त्याविषयी कोणाशी बोललो नाही. मला वाटत होते की खरे कळल्यावर सगळे आपोआप दुरुस्त झाले असणार. आकडा एकदा लिहिला की तो आपण होऊन दुरुस्त होत नाही, हे मी इतरांना शिकवत होतो. शेवटी गेल्या रविवारी राजूरला गेलो आणि उकंडाजींना विचारले, “सेवापुस्तकात ती ताकीद अजून आहे, हे तुम्हाला माहीत होते?”

“माहीत होतं.”

“मग आठ वर्षे मला बोलला का नाहीत?”

ते काट्याची साखळी पुसत होते. पुसणे न थांबवता म्हणाले, “ते पुस्तक तुमचा काटा हाये, बाबू. दुसऱ्याच्या काट्याले मी हात लावत नाई. टेकत बी नाई.”

मी उठून बाहेर आलो. गिरजाबाई दारात होत्या. “कायले मनाले लावून घेता?” त्या म्हणाल्या. “च्या थंडा होऊन राह्यला.”

सोमवारी मी बापूसाहेबांकडे गेलो. मार्चच्या आधी समितीने जुने वाक्य रद्द करण्याचा ठराव करावा असे म्हणालो. त्यांना ते पटले, पण कारणाच्या जागी काय लिहायचे यावर आम्ही अडलो. ते म्हणाले, “‘लेखनदोष’ म्हना अन् सोडून द्या. तुमी माहे पीए. कायले स्वतःचं नाव काळं करता?” त्यांच्या बोलण्यात माझ्याविषयी काळजीच होती. मी हो म्हणालो आणि मसुद्यात तसेच लिहिले. तो मसुदा आता माझ्यासमोर आहे. पण हा लेख लिहिता लिहिता मला दिसते आहे की तो शब्दही पुन्हा तसाच एक स्वच्छ तक्ता आहे. त्यातही कारणाचा रकाना रिकामा आहे, आणि तो रकाना वाचणारा काहीही भरील. कदाचित पुन्हा तेच भरील.

संपादक मंडळाला शेवटी एक गंमत सांगतो. ही पुस्तिका ज्या साठीसाठी निघत आहे तिच्याविषयी मी उकंडाजींना बोललो तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “साठ झाले हे कोनं मोजलं?” आधीची दोन बाळे गेली म्हणून त्यांच्या आईने त्यांना जन्मतःच उकिरड्यावर ठेवून उचलले आणि उकंडा हे नाव दिले. तारीख कोणी लिहून ठेवली नाही. नोकरीला लागताना वय अंदाजाने टाकले गेले. “माह्या वयाचं साक्षीचं गाठोडं नाई,” ते म्हणाले. “मार्च मान्य हाये, पन साठ मान्य नाई.”

तेव्हा माझी सदिच्छा अशी : तो अंदाज करणाऱ्याचा हात जड पडलेला असो, उकंडाजींचे खरे वय कागदावरच्याहून पुष्कळ कमी भरो, आणि उरलेली सगळी वर्षे त्यांच्या घरात, गिरजाबाईंच्या सोबतीत, निरोगी शरीराने आणि तेज नजरेने जावोत. निवृत्तीनंतरही ते राजूरच्या वाचनाला येऊन पोत्यावर बसोत आणि मला अडवोत. मला अडवणारे असे दुसरे कोणी मिळालेले नाही.

उद्या : ठरावाच्या मसुद्यातून ‘लेखनदोष’ हा शब्द काढून तिथे ‘स्वीय सहायकाने वेळ न तपासता तक्ता केला, ही त्याची चूक’ असे टाइप करणे.